पाच राउंडचा इंटरव्ह्यू आणि त्यातलं असाइनमेंटचं झेंगट

परवा डिजिटल मार्केटिंगमधली नोकरी शोधणाऱ्या आमच्या एका ज्युनिअरचा फोन, दादा चार राउंड झाले आता पाचवा कशाला घेतायत. म्हटलं बाबा पुण्यात सगळीकडे हेच चाललंय, आधी एचआरचा फोन, मग असाइनमेंट, मग टेक्निकल, मग मॅनेजर नाहीतर थेट फाउंडर, आणि शेवटी परत एचआर पैशाचं बोलायला.

एचआरचा पहिला फोन नेमका आपण गाडीवर असताना येतो. युनिव्हर्सिटी चौकात हेल्मेटमध्ये मोबाईल कोंबून सीटीसी (कंपनी वर्षाला आपल्यावर करते तो एकूण खर्च) सांगत बसू नका, अर्ध्या तासात करतो म्हणा, कुणी रागवत नाही. त्यांना करंट किती, एक्स्पेक्टेड किती आणि नोटीस पिरियड किती एवढंच हवं असतं. एक्स्पेक्टेडच्या आधी त्यांचं बजेट विचारून बघा, नाहीच सांगितलं तर रेंज द्या.

खरी मेख असाइनमेंटमध्ये आहे. बाणेरच्या एका एजन्सीसाठी मी तीन रात्री जागून 42 स्लाइडचं डेक (प्रेझेंटेशन) केलेलं, वर महिन्याभराचं कंटेंट कॅलेंडर, कॅप्शनसकट. नंतर फोनच उचलेनात. दोन महिन्यांनी माझ्याच कॅप्शन त्यांच्या क्लायंटच्या पेजवर, मी घाईत 'दीवाळी' लिहिलेलं तेही तसंच! तेव्हापासून माझा नियम आहे, एका संध्याकाळचं काम आणि सात-आठ स्लाइड, त्याच्या वर नाही, पीडीएफ पाठवायची, प्रत्येक पानावर नाव आणि तारीख टाकायची. विचार दाखवायचा, तयार माल द्यायचा नाही. चालू क्लायंटचं अख्खं कॅलेंडर मागितलं तर एवढ्या कामाचे पैसे मिळतील का असं सरळ विचारायचं.

पण जे द्याल ते खोलात द्या. समजा पुनावळ्यातल्या टू बीएचकेची कॅम्पेन दिली, तर दहातले नऊ जण छान क्रिएटिव्ह (जाहिरातीचं डिझाइन) आणि 'स्वप्नातलं घर' करून मोकळे होतात. तुम्ही निगेटिव्ह कीवर्डची (ज्या शब्दांच्या सर्चवर आपली जाहिरात दिसायला नको त्यांची) यादी द्या, रेंट, पीजी, फ्लॅटमेट, कारण सर्चमध्ये पैसे तिथंच गळतात. क्रिएटिव्हमध्ये महारेराचा नंबर आणि क्यूआर कोडची जागा ठेवा, 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर लागतो, हे लक्षात ठेवणारा माणूस त्यांना लगेच कामाचा वाटतो. गुगलच्या रिस्पॉन्सिव्ह सर्च अ‍ॅडमध्ये 15 हेडलाइन बसतात, एकेक 30 अक्षरांची, तेवढ्यात बसवूनच लिहा. आणि हिशोब मांडा, 60,000 खर्च, 150 लीड (चौकशीसाठी नंबर देणारे लोक), म्हणजे लीड 400 ला पडली, पण साइट व्हिजिट झाल्या 12, म्हणजे व्हिजिट 5,000 ला. बिल्डरला या दुसऱ्या आकड्याशी मतलब असतो, 400 ऐकून तो खूश होत नाही.

टेक्निकलमध्ये व्याख्या कमी विचारतात. खर्च होतोय पण लीड येत नाहीत, आधी काय बघाल, हा हमखास येतो. लगेच बिड (जाहिरातीसाठी लावायची बोली) वाढवतो म्हणालात की संपलं. आधी ट्रॅकिंग (लीड नीट मोजल्या जातायत का), मग आपल्याच मोबाईलवरून फॉर्म भरून बघायचा (माझ्या एका केसमध्ये ओटीपीच येत नव्हता, आणि आम्ही आठवडाभर क्रिएटिव्ह बदलतोय), मग सर्च टर्म्स (लोकांनी खरं काय शोधलं ते), मग लँडिंग पेज (जाहिरातीवरून उघडतं ते पान), बिड सगळ्यात शेवटी. जीए4 (वेबसाइटवरची ये-जा मोजणारं गुगलचं टूल) हाताळलेलं असू द्या, जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स जुलै 2023 मध्येच बंद झालं, आणि कन्व्हर्जनला (फॉर्म भरण्यासारखी आपल्याला हवी ती कृती) तिथं आता की इव्हेंट म्हणतात. एक फसलेली कॅम्पेनही सांगायला तयार ठेवा, सगळंच हिट झालं म्हणणाऱ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. जुन्या क्लायंटचे स्क्रीनशॉट दाखवताना नावं झाका आणि स्क्रीन शेअर करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप वेब बंद करा, प्लीज.

मॅनेजर राउंड म्हणजे गप्पाच. फक्त हिंजवडी फेज 3 ला बोलावलं तर मॅप दाखवेल त्यात अर्धा तास आपल्या मनानं मिळवा. आमचं इन्स्टा कसं वाटलं असं विचारलं तर एक उणीव आणि तिच्यावरचा उपाय सांगा, नुसतं मस्त आहे सर नको.

शेवटच्या एचआरला इन-हँड किती पडणार ते लिहून मागा. सीटीसीत व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग), कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं धरलेलं असतं आणि आपण नुसतं 12 ने भागून खूश होतो. लॅपटॉप डिपॉझिट किंवा रजिस्ट्रेशन फी मागितली तर फोन ठेवून द्या. नोटीस 90 दिवसांची असेल तर बायआउट (नोटीस पूर्ण न करता सुटायचे पैसे) कोण भरणार हे पण आत्ताच विचारा, आणि ऑफर लेटर मेलवर येईपर्यंत राजीनामा टाइपसुद्धा करू नका.