जीआयएसमध्ये एम.एस्सी. करायचंय? फी भरण्याआधी या चुका टाळा

जून उजाडला की मला एक फोन हमखास येतो. गेल्या वर्षी सासवडहून एका काकांचा आला होता. "ताई, लेकीचं भूगोलात बी.एस्सी. झालंय. जीआयएसला जायचं म्हणतेय. कर्ज काढावं लागेल. दोन वर्षं सार्थकी लागतील ना?"

जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशा आणि ठिकाणांची माहिती जोडून बघण्याचं तंत्र. पुण्यात बारा वर्षं मी हे नकाशांचं काम करतेय आणि नव्या मुलांच्या मुलाखतीही घेते. तरी या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही म्हणायची माझी हिंमत होत नाही. मुलं कुठे फसतात, ते मात्र नीट सांगू शकते.

सॉफ्टवेअर शिकण्यासाठी पदवी घेणं

ही सगळ्यात महागडी चूक. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. लँडसॅट उपग्रहाची चित्रं 2008 पासून सगळ्यांना मोफत आहेत. सेंटिनेल-2 ची चित्रं 10 मीटरपर्यंतचा तपशील दाखवतात आणि तीही मोफतच. इस्रोची डेहराडूनची संस्था, आयआयआरएस, ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य घेते. बटणं कुठे आहेत हे कळायला एवढं पुष्कळ झालं. त्यासाठी दोन वर्षं आणि लाखोंची फी घालवू नका.

मग पदवी कशासाठी? एक प्रसंग सांगते. एक मुलगा मुलाखतीला आला. हुशार आणि कष्टाळू होता. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरावर त्याने प्रबंध केला होता. कात्रजपासून खाली कुठल्या वस्त्यांत किती पाणी चढलं असेल, हे रंगांनी सुरेख दाखवलं होतं. पाण्याची उंची दशांशात लिहिली होती. मी विचारलं, "जमिनीची उंची कुठून घेतलीस?" म्हणाला, "एसआरटीएम, 30 मीटर." एसआरटीएम म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेली जमिनीची उंची, आणि तीत 30 मीटर बाय 30 मीटरच्या चौकोनाला एकच आकडा. त्या एका चौकोनात ओढा, त्याची भिंत, शेजारचा रस्ता आणि चार घरं, सगळं बसतं. शिवाय ती मोजणी फेब्रुवारी 2000 मधली, आणि तिच्यात इमारती नि झाडांची उंचीही मिसळलेली. त्यानंतरच्या एकोणीस वर्षांत ओढ्याकाठी जे उभं राहिलं, ते त्यात कुठून येणार? तो गप्प झाला. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण दोन वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

हा प्रश्न विचारणारे शिक्षक जिथे असतील, तिथली पदवी घेण्याजोगी. हाती आलेला डेटा आपल्या प्रश्नाला पुरतो का, चूक किती असू शकते, ती पुढे कशी वाढत जाते, हे एकट्याने यूट्यूबवर बघून शिकणं फार अवघड आहे. पुण्यात सिम्बायोसिसची जिओइन्फॉर्मॅटिक्सची स्वतंत्र संस्था आहे, विद्यापीठाचा भूगोल विभाग आहे, इतरही पर्याय आहेत. कुठेही गेलात तरी लॅबमधले संगणक मोजत बसू नका. मागच्या वर्षीचे तीन प्रबंध वाचायला मागा. चुका कुठे राहिल्या हे विद्यार्थ्याने स्वतः लिहिलंय का, ते बघा. प्रबंध दाखवायला टाळाटाळ झाली, तर पुन्हा विचार करा.

आवड न तपासता प्रवेश घेणं

घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. तुमच्या भागातल्या पाण्याच्या टाक्या, बसथांबे, काहीही, पन्नास ठिकाणांचे अक्षांश-रेखांश एक्सेलमध्ये लिहा आणि नकाशावर आणा. पहिल्या खेपेला बहुतेकांचं पुणे नकाशावरून गायब होतं. शोधत गेलं की नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात सापडतं. कारण साधं असतं. पुण्याचा अक्षांश साधारण 18.52 आणि रेखांश 73.85. सॉफ्टवेअरमध्ये एक्सच्या रकान्यात रेखांश लागतो, आपण सवयीने अक्षांश आधी लिहितो. रकाने अदलाबदल करा, गाव जागेवर येतं.

पुढची अडचण क्षेत्रफळाची. एखाद्या वस्तीचं क्षेत्रफळ काढलं आणि 0.00002 असा काहीतरी आकडा आला, तर तुमचा थर, म्हणजे नकाशावर चढवलेला माहितीचा एक पदर, अजून अंशांत आहे. त्याला मीटरमध्ये आणायचं. यूटीएम ही जगाचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत. पुण्यासाठी तिचा 43 उत्तर हा पट्टा, नागपूरसाठी 44. इथे एक मोठा सापळा आहे. थराच्या गुणधर्मांत जाऊन नुसतं मोजणीच्या प्रणालीचं नाव बदललं तर आकडे बदलत नाहीत, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. अंशांवर मीटरची पाटी लागते आणि सगळा थर भलतीकडे जाऊन पडतो. 'रीप्रोजेक्ट' करून नवा थर बनवावा लागतो. दोन थर एकमेकांवर बसत नाहीत, ही नव्या मुलांची रोजची तक्रार असते, आणि दहातल्या बऱ्याच वेळा मूळ इथेच सापडतं.

हे सोडवताना अर्धा तास कसा गेला कळलं नाही, असं झालं तर पुढे जा. चीडच आली, तर ती गांभीर्याने घ्या. नोकरीत हेच रोज असतं, आणि झळकणारा नकाशा महिन्यातून एखादा.

जाहिराती न वाचणं

"जीआयएसला स्कोप आहे" हे वाक्य ऐकून निर्णय घेऊ नका. ज्या नोकऱ्या तुम्हाला हव्याशा वाटतात अशा वीस जाहिराती खाली उतरवून घ्या आणि वहीत रकाने आखा: पदवी कोणती मागितली, पायथन (कोड लिहायची भाषा) आहे का, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आहे का, अनुभव किती. सरकारी पदांत पदवीचं नाव शब्दशः बघतात. कुठे भूगोल, कुठे भूशास्त्र, कुठे स्थापत्य. तुमच्या पदवीचं नाव त्या ओळीत नसेल तर समकक्षतेसाठी खेटे घालण्यात वर्ष जाऊ शकतं. भूजल सर्वेक्षणाचं आणि जमाबंदी आयुक्तांचं मुख्यालय पुण्यातच आहे, त्यांच्या जुन्या जाहिराती बघून ठेवाव्यात. एम.टेक.चा विचार असेल तर गेट परीक्षेत 2022 पासून जिओमॅटिक्सचा, म्हणजे भूमापन आणि नकाशांच्या तंत्राचा, वेगळा पेपर आहे, हेही लक्षात असू द्या.

खासगी कंपन्यांत पदवीच्या नावावरून अडवणूक कमी होते, पण कोड येत नसेल तर मुलं डिजिटायझेशनच्या टेबलावर अडकतात. दिवसभर छतांच्या कडा रेखायच्या. तेही प्रामाणिक काम आहे, पण त्यासाठी एम.एस्सी. लागत नाही.

आधीचा विषय सोडून देणं

कृषी, स्थापत्य, भूशास्त्र, संगणक, जे शिकलात ते टाकू नका. पीक ओळखणाऱ्याला उपग्रहाचं चित्र वाचता आलं तर त्याची किंमत वाढते. नुसतं चित्र वाचणारे पुष्कळ आहेत.

फक्त फी मोजणं

समजा, आत्ता महिना 22,000 मिळतात. दोन वर्षं नोकरी सोडली तर 5,28,000 हातचे गेले. फी, खोली, मेस आणि कर्जाचं व्याज त्यावर. कॉलेजने सांगितलेलं सर्वांत मोठं पॅकेज बाजूला ठेवा. वर्गातल्या मधल्या मुलाला किती मिळालं, ते दोन वर्षांपूर्वी पास झालेल्यांना थेट विचारा.

नोकरी करणाऱ्यांनी आधी आपली अडचण नेमकी ओळखावी. कोड अडवत असेल तर सहा महिने रोज संध्याकाळी बसून पायथन आणि पोस्टजीआयएस (नकाशांची माहिती साठवणारा डेटाबेस) होतं. सांख्यिकी आणि दूरसंवेदनाचा (उपग्रहाची चित्रं वाचण्याच्या शास्त्राचा) पाया कच्चा असेल, किंवा पदवीच्या अटीमुळे अर्जच बाद होत असेल, तर मात्र पदवी घ्या. साहेबांशी पटत नाही म्हणून पदवीला जाऊ नका.

काकांना मी तेव्हा एवढंच म्हटलं, प्रवेश एक वर्ष थांबवा आणि तिला गावातल्या विहिरींचा नकाशा करू द्या. ती मोबाइल घेऊन शिवारभर हिंडली, 41 विहिरी नोंदवल्या, पावसाळ्याआधी आणि नंतर दोरी सोडून पाणी मोजलं. गेल्या महिन्यात तिचा स्वतःचा फोन आला. "ताई, ओढ्याजवळच्या दोन विहिरी आटतात आणि वरच्या टेकाडावरची आटत नाही. दगडाच्या थरांचं काहीतरी आहे, पण माझ्या डेटावरून ते सांगता येत नाहीये. हे कुठे शिकवतात?"

मी तिला फॉर्म भरायला सांगितलं.