गोष्टीतले धूर्त पात्र कसे वाचावे

लोककथेतल्या धूर्त पात्रावर लिहायला बसले की लेखणी आपोआप विशेषणांकडे वळते: लबाड, चतुर, बेरकी, हिकमती, कावेबाज. ही विशेषणे तूर्त बाजूला ठेवावीत, कारण त्यांत आपला निवाडा आधीच दडलेला असतो. कोल्ह्याला आपण लबाड म्हणतो आणि तेच करणाऱ्या सशाला चतुर. त्याऐवजी आधी युक्ती सुटी करून पाहावी. बळ कोणाच्या हाती होते, गरज कोणाची होती आणि समोरच्याची कोणती खोड हेरून डाव टाकला, एवढे लिहून काढावे.

भोपळ्यातली म्हातारी घेऊ. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा,’ असे ती वाघाला सांगते आणि त्यातले शेवटचे वचन सोडले तर सारे खरे करून दाखवते. बाकीचे काम वाघाची हाव करते. परतताना भोपळ्यातून येणारे ‘म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक’ हे मात्र धडधडीत खोटे आहे. एकाच गोष्टीत फसवणुकीचे हे दोन प्रकार आहेत, आणि ते वेगवेगळे नोंदवावेत.

यापुढचा प्रश्न बहुतेक जण विचारीतच नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच आहे: ही गोष्ट कोण, कोणाला आणि कशासाठी सांगत आहे? रोज एक प्राणी खाणाऱ्या भासुरक सिंहाकडे ससा मुद्दाम उशिरा जातो, वाटेत दुसऱ्या सिंहाने अडवले असे सांगतो आणि विहिरीतले प्रतिबिंब दाखवून त्याला आत उडी घ्यायला लावतो. सुटी वाचली तर ही दुबळ्याच्या विजयाची कथा आहे. पंचतंत्राच्या ‘मित्रभेदा’त मात्र ती दमनक हा कोल्हा करटक या आपल्या सोबती कोल्ह्याला सांगतो, आणि तीही पिंगलक सिंह व संजीवक बैल यांची मैत्री तोडण्याचा बेत पटवून देताना. सशावर मृत्यूची पाळी आली होती. दमनकाचे फक्त दरबारातले वजन घटले होते. सशाच्या पुण्याईवर तो स्वतःचे कारस्थान खपवतो, आणि आपणही गोष्टीच्या ओघात मान डोलावतो.

शेवटही तपासावा. संस्कृत कथेत संजीवक मारला जातो आणि दमनक मंत्रिपदी टिकतो. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ‘कलीला व दिम्ना’ या नावाने ही कथा अरबीत आणली. तीत मात्र एक जादा प्रकरण आहे: दिम्नावर, म्हणजे आपल्या दमनकावर, खटला चालतो आणि त्याला देहदंड होतो. अपराध तोच असूनही हिशेब इतका बदलला, तो श्रोता बदलल्यामुळे की सांगणाऱ्याला त्याची सुटका खटकल्यामुळे, याचा विचार अभ्यासकाने करावा.

सरावासाठी एखादे असे पात्र निवडावे, ज्याला कोणी धूर्त म्हणत नाही. चिऊताई उत्तम. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा पावसात दार ठोठावतो आणि ती ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ असे एकेक कारण सांगत राहते. काही घरांत ही गोष्ट कावळा तापल्या तव्यावर बसून भाजेपर्यंत जाते. चिऊताईच्या प्रत्येक ‘थांब’पुढे ते कारण खरे होते की सबब होती, हे गोष्टीच्या आधाराने लिहिण्याचा प्रयत्न करावा.