स्प्रिंगवाल्या एअरसॉफ्ट स्नायपरचं अपग्रेड: कोणते पार्ट घ्यायचे आणि कुठल्या क्रमाने

एअरसॉफ्टची, म्हणजे खेळात प्लास्टिकच्या बारीक गोळ्या (बीबी) मारणारी, नवीन बोल्ट ॲक्शन रायफल, जिचा बोल्ट दर गोळीला हाताने ओढावा लागतो, घेतली की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, कुठली स्प्रिंग टाकू? आणि लगेच कोणीतरी सांगतंच की एम१७० म्हणजे चांगली जोरदार स्प्रिंग टाक, सोबत लांब बॅरल टाक, मग बघ शंभर मीटर मारते की नाही. हा सल्ला मला आता ऐकवत नाही. त्यापायी लोकांचे पैसे जातात, सिअर (पिस्टनला अडवून धरणारा ट्रिगरचा तुकडा) झिजतात आणि रायफल आधी मारत होती त्याच्यापेक्षा वाईट मारायला लागते. स्प्रिंग सगळ्यात शेवटी घ्यायची, आणि पहिला पैसा जायला पाहिजे हॉप-अपवर, म्हणजे जिथे बीबीला फिरकी मिळते तिथे.

मी लिहितोय ते इंग्लंडमध्ये खेळणाऱ्यांसाठी आणि व्हीएसआर-१० धाटणीच्या रायफलींसाठी. म्हणजे टोक्यो मारुईची मूळ व्हीएसआर-१०, तिच्या जेजी बार-१० किंवा वेल एमबी०३ सारख्या स्वस्त नकला, आणि त्याच घराण्यातल्या ॲक्शन आर्मीची टी१०, नोव्हरिचची एसएसजी१० वगैरे. एल९६ या दुसऱ्या धाटणीच्या रायफलवाल्यांनी तत्त्व घ्यावं, पार्ट नाही, कारण दोघांचे बहुतेक पार्ट एकमेकांना बसत नाहीत. आणि पुण्याला जाताना चुलतभावासाठी एक बॅगेत टाकून न्यायचा विचार कोणी करत असेल तर करू नका, दिसायला ती खरी बंदूकच आहे आणि विमानतळावर ती खेळणं आहे हे समजावत बसायची वेळ कोणावर येऊ नये.

आधी मर्यादा माहीत करून घ्या

पॉलिसिंग अँड क्राइम ॲक्ट २०१७ ने एअरसॉफ्टला कायद्यात वेगळी जागा दिली: ऑटोमॅटिक असेल तर १.३ जूल, एकेक गोळीवाली असेल तर २.५ जूल. त्याच्यावर गेलात की एअरसॉफ्ट म्हणून मिळालेली सूट संपली. मैदानांवर बोल्ट ॲक्शनला सहसा ०.२० ग्रॅमच्या बीबीवर ५०० एफपीएस (फूट प्रतिसेकंद) चालतं, म्हणजे साधारण २.३२ जूल, आणि सोबत ३० मीटरच्या आतल्या माणसावर मारायचं नाही असा नियम असतो. तुमच्या मैदानाचा आकडा आधी विचारून घ्या. पार्ट विकत घ्यायचे ते या आकड्याच्या आत राहायला, त्याला भिडायला नाही.

जपानमध्ये मर्यादा ०.९८ जूल आहे, त्यामुळे मारुईची रायफल पेटीतून निघते ती एक जूलच्या आत. तिचा ट्रिगर, पिस्टन (स्प्रिंगच्या जोराने पुढे जाऊन हवा दाबतो तो), सिअर सगळं त्याच ताकदीसाठी बनवलेलं. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

बीबी

०.४० ग्रॅमच्या खाली जाऊ नका, चांगल्या कंपनीच्या घ्या, बस. ज्याने ०.२५ च्या बीबी घालून पार्ट बदलायला सुरुवात केली त्याने अजून रायफल बघितलीच नाही असं मी म्हणेन. हलकी बीबी वाऱ्याबरोबर जाते, जड बीबी वेळ घेते पण सरळ जाते. ०.४३ ते ०.४८ मध्ये जी सातत्याने परवडेल ती एकच ठरवा आणि सगळं ट्युनिंग तिच्यावरच करा.

हॉप-अप: इथेच सगळं ठरतं

माझा सगळ्यात जास्त वेळ या एका टप्प्यात गेलाय आणि तुमचाही जाणार, तेव्हा घाई असेल त्या दिवशी रायफल उघडूच नका.

काय होतं ते आधी समजून घ्या. बकिंग म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकावर चढवलेलं रबर, त्याच्या आत वरच्या बाजूला एक उंचवटा असतो. बीबी जाताना त्या उंचवट्याला घासते आणि उलटी फिरायला लागते, टेबल टेनिसमध्ये चेंडू खालून कापला की तो जसा तरंगत जातो तसंच. ही फिरकी बीबीला वर उचलून धरते. आता उंचवटा बरोबर बारा वाजताच्या जागी नसेल, जरासा डावीकडे उजवीकडे कलला असेल, तर फिरकीचा आसही कलतो आणि बीबी चाळीस मीटरनंतर एका बाजूला वळायला लागते. मग लोक स्कोप फिरवत बसतात. स्कोपचा काहीही संबंध नाही. चाळीसला जुळवलंत की साठला चुकणार, कारण ती रेष सरळ नाहीच आहे, वळतेय.

मूळ व्हीएसआरमध्ये हॉपचा लिव्हर बाजूला असतो आणि बकिंगला वरून दाबणारा आर्म दोन टोकांनी दाबतो, त्यामुळे जड बीबीसाठी जास्त दाब दिला की कल यायची शक्यता वाढते. म्हणून पहिली खरेदी ही: एक चांगला चेंबर, म्हणजे बॅरलचं मागचं टोक आणि बकिंग बसतात तो भाग, त्याच्यासोबत एकाच सपाट भागाने दाबणारा आर्म, आणि बकिंग. ॲक्शन आर्मी आणि मेपल लीफ दोघांचे चेंबर मिळतात. तुमच्या रायफलीला टीडीसी बसत असेल, म्हणजे बरोबर वरून स्क्रूने दाबायची सोय, तर तीच घ्या, कारण दाब सरळ खाली येतो आणि स्क्रू गोळ्या मारता मारता सरकत नाही.

बकिंगमध्ये मेपल लीफच्या मॅकरॉन, ऑटोबॉट, डिसेप्टिकॉन या चालतात, कुठल्या नावाची घेता यापेक्षा कडकपणा किती घेता हे महत्त्वाचं. ५०, ६०, ७०, ७५, ८० असे आकडे असतात. दोन जूलच्या वर ७० किंवा ७५ घ्या. पण जानेवारीत खेळणार असाल तर एक पायरी मऊ घ्या, थंडीत रबर कडक होतं आणि उन्हाळ्यात मस्त चाललेली ७५ हिवाळ्यात बीबी धड उचलतच नाही. अजून एक, मारुईच्या गॅसवाल्या पिस्तुलांची आणि व्हीएसआरची बकिंग एकच असते, साध्या इलेक्ट्रिक रायफलींची मात्र वेगळी. ऑर्डर करताना हे बघा, चुकीची मागवून परत पाठवणारे भरपूर आहेत.

आता बसवणं. बॅरलचं टोक आणि नवीन बकिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करा, कारखान्यातून येताना त्यावर तेल असतं. बकिंगच्या आतली रेघ बॅरलच्या खाचेत नीट बसली पाहिजे, नुसती अंदाजाने चढवून चालत नाही. मग बाहेरून प्लंबरवाली पांढरी टेप पातळ गुंडाळा, जेवढ्याने चेंबरमध्ये घट्ट जाईल पण ढकलावी लागणार नाही तेवढीच. जास्त गुंडाळली तर बकिंग आतल्या बाजूला दाबली जाते आणि मग उंचवटाच वाकडा होतो, म्हणजे ज्यासाठी हे सगळं करतोय तेच बिघडतं.

सगळं जोडलं की बोल्ट बाहेर काढा, रायफल रिकामी आहे हे बघा, आणि बॅरलमधून उजेडाकडे बघत हॉप हळूहळू वाढवा. वरून उंचवटा क्षितिजासारखा आडवा सरळ खाली यायला पाहिजे. एक कोपरा आधी दिसला तर उघडा, परत बसवा. परत बघा. तिसऱ्यांदाही तसाच दिसला तर आर्म काढून तपासा, कधी कधी त्याच्या टोकाला साच्याची बारीक कड राहिलेली असते, ती बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. हे तपासल्याशिवाय मैदानावर जाऊ नका, तिथे वारा असतो आणि वाऱ्यात दोष कशाचा ते कळत नाही.

मैदानावर एवढं लक्षात ठेवा: सगळ्या बीबी एकाच बाजूला वळत असतील तर हॉप कललेला आहे. कधी डावीकडे कधी उजवीकडे जात असतील तर बॅरल घाण आहे, बॅरल आत हलतेय किंवा बीबी खराब आहेत. आणि सरळ जाऊन कधी वर कधी खाली पडत असतील तर हवा गळतेय. नवीन बकिंग पहिल्या काही शे गोळ्यांत बसत जाते, त्याच्या आधी तिला नावं ठेवू नका. आणि बकिंगवर सिलिकॉन तेल फवारायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी नाही, तेल लागलं की पकड गेली.

बॅरल

बहुतेकांना नवीन बॅरल लागतच नाही. मारुईची मूळ बॅरल ६.०८ मिमीची असते आणि साफ ठेवली तर छान मारते. बदलायचीच असेल तर ६.०३ च्या आसपासची घ्या, ६.०१ चा हट्ट नको, जरा धूळ गेली की ती त्रास देते. लांबीचं तर विचारूच नका, व्हीएसआरच्या जी-स्पेक मॉडेलची ३०३ मिमीची बॅरल ४३० वालीच्या मागे पडत नाही. खरी गरज असते ती बॅरल बाहेरच्या नळीत हलू नये म्हणून स्पेसरची, आणि ते अगदी स्वस्त असतात.

ट्रिगर, पिस्टन, स्प्रिंग गाइड

आता ते मघाचं ०.९८ जूल आठवा. मूळ ट्रिगरमध्ये पिस्टन आणि सिअर ४५ अंशात अडकतात, त्यामुळे जोरदार स्प्रिंग लावली की पिस्टन सिअरला खाली ढकलत राहतो आणि कड झिजते. झिजली की रायफल ट्रिगर न ओढता सुटते, आणि हा नुसता खर्चाचा नाही, कोणाच्या तरी डोळ्याचा प्रश्न आहे. ९० अंशवाल्या ट्रिगरमध्ये जोर सरळ मागे जातो, म्हणून ५०० एफपीएसकडे जायचं असेल तर तोच लागतो. पिस्टन, सिअर आणि स्प्रिंग गाइडचा (स्प्रिंग ज्या दांड्यावर बसते त्याचा) स्टॉपर हे तिन्ही एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. ४५ चा पिस्टन ९० च्या ट्रिगरला चालत नाही. तीन दुकानांतून तीन कंपन्यांचे स्वस्त तुकडे जमवू नका, एकाच कंपनीचा पूर्ण सेट घ्या. टी१० किंवा एसएसजी१० वाल्यांनी आपल्यात आधीच काय आहे ते बघून मगच पाकीट उघडा.

स्प्रिंग गाइड ७ मिमी आणि ९ मिमी अशी येते, स्प्रिंग तिच्या मापाचीच घ्या, नाहीतर आत वाकते आणि दर वेळी वेगळा आवाज, वेगळा एफपीएस.

सिलेंडर तपासायला स्प्रिंग काढून ठेवा, नोझलवर, म्हणजे सिलेंडरच्या पुढच्या तोंडावर, बोट दाबा आणि पिस्टन हाताने आत ढकला. अडून राहिला तर ठीक, हळूहळू आत गेला तर ओ-रिंग किंवा सिलेंडर हेड बघा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. स्प्रिंग काढताना तोंड गाइडच्या रेषेत ठेवू नका आणि चष्मा घाला.

स्प्रिंग

आता घ्या. एम१५० म्हणजे ०.२० ग्रॅमवर साधारण १५० मीटर प्रतिसेकंद, पण हे कागदावर, कारण हवा किती गळते त्याप्रमाणे प्रत्येक रायफलीत आकडा वेगळा येतो आणि प्रत्येक कंपनीची एम१५० सुद्धा सारखी नसते. म्हणूनच ती शेवटी. हवा आधी बंद केलीत तर बऱ्याचदा वाटलं होतं त्यापेक्षा एक नंबर हलकी स्प्रिंग पुरते, आणि हलक्या स्प्रिंगने बोल्ट ओढताना रायफल कमी हलते.

क्रोनो, म्हणजे यंत्रावर बीबीचा वेग मोजणं, त्याच बीबीने करा जी खेळताना घालणार, आणि हॉप लावलेला ठेवून करा. २.३२ जूलला ०.४० ची बीबी सुमारे ३५३ एफपीएसने जाते, ०.४३ ची ३४१, ०.४५ ची ३३३, ०.४८ ची ३२३. याच्या वर आकडा आला तर स्प्रिंग कापू नका, हलकी घ्या, कापलेलं टोक गाइडवर तिरकं बसतं. दहा गोळ्या मारा आणि सगळ्यात जास्त नि सगळ्यात कमी आकड्यांत फरक किती ते बघा. पाच एफपीएसच्या आत असेल तर झालं काम. पंधरा-वीस येत असेल तर स्प्रिंगला हात लावू नका, परत बकिंगच्या ओठांकडे, म्हणजे नोझलला टेकणाऱ्या कडेकडे, आणि नोझलकडे जा, गळती तिथेच असते. आणि घरी ठेवताना रायफल कॉक करून ठेवायची नाही, नाहीतर आज जुळवलेला आकडा महिन्याभरात खाली येतो.