ध्येयाच्या वाटेवर उत्साह का मावळतो : या चुका टाळा

लातूरमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मार्गदर्शन करताना मी वर्षानुवर्षे त्याच चुका पाहत आलो आहे. मुले हुशार असतात, कष्टाला मागे हटत नाहीत, तरीही जूनमधला उत्साह पोळ्यापर्यंतही टिकत नाही आणि दोष मात्र नशिबाला दिला जातो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी आखलेले अशक्य वेळापत्रक. केज तालुक्यातून आलेल्या एका मुलाने कार्डशीटवर रंगीत स्केचपेनने पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंतचा प्रत्येक तास आखून तो कागद भिंतीला लावला होता; त्यात जेवणाला वीस मिनिटे आणि अंघोळीला दहा. आठवडाभर त्याने ते तंतोतंत पाळले. मग सोयाबीन काढणीसाठी घरून फोन आला. चार दिवसांनी परतल्यावर त्याने भिंतीवरचे कोरे रकाने पाहिले, कागद फाडला आणि म्हणाला, "सर, आता सोमवारपासून नव्याने सुरू करतो." सोमवारी नवा कागद आला, त्यानंतर दिवाळीनंतरचा, मग एक जानेवारीचा. इतिहासाच्या पुस्तकातले पहिले प्रकरण त्याने इतक्यांदा वाचले की त्याची पाने सुटली. शेवटची प्रकरणे मात्र कोरी करकरीत राहिली. गावी गेल्याने बुडालेले चार दिवस सहज भरून निघाले असते, पण प्रत्येक खंडानंतर सगळे मोडून पुन्हा पहिल्यापासून मांडण्यात त्याचे अख्खे वर्ष गेले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे मागोवा घेऊन २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात आणि व्यक्तीनुसार हा काळ १८ ते २५४ दिवसांपर्यंत बदलू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांना आढळले. त्यामुळे २१ दिवसांत आयुष्य बदलून देण्याची हमी देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पुरेशी ओल नसताना पेरण्याची घाई केली की दुबार पेरणी कपाळी येते, हे आपल्या भागात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही.

माझा उपाय साधा आहे. भिंतीवर काहीही लावू नये. एक शंभर पानी वही घ्यावी आणि रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशी प्रत्यक्ष झालेले तेवढेच, पुस्तकाच्या पान क्रमांकांसह, लिहावे. ताप असला, घरी पाहुणे असले तरी जमेल एवढा किमान वाटा ठरवावा, मग तो दहा पानांचा का असेना. खंड पडलाच, तर जिथे थांबलो त्याच्या पुढच्या पानापासून सुरुवात करावी.

दुसरी चूक, ध्येयाचा गाजावाजा. मुलगा तयारीला निघाला की गावात त्याला "साहेब" म्हणून हाक मारू लागतात, आणि ती हाक त्याला गोड वाटू लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांच्या संकल्पाची दुसऱ्याने दखल घेतली, त्यांनी पुढे त्यासाठी कमी मेहनत घेतली. म्हणून संकल्प घरच्यांपुरता ठेवावा.

अभ्यासाला बसण्यापूर्वी प्रेरणादायी व्हिडिओ पाहू नयेत. मन लागो न लागो, ठरल्या वेळी पुस्तक उघडावे. मित्राने पुस्तक बदलले म्हणून आपण बदलू नये.

शेवटची चूक सांगताना मला खरोखर वाईट वाटते. निकाल लागला की मुले वडिलांना "थोडक्यात हुकले" एवढेच सांगतात आणि खोलीभाडे पुढच्या वर्षीही येत राहते. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे असल्याने हे लपवणे फार काळ चालू शकते. माझ्या दृष्टीने प्रौढपणाची कसोटी इथेच लागते. गुणपत्रक घेऊन गावी जावे, वडिलांसमोर बसून प्रत्यक्ष गुण सांगावेत, आणखी किती प्रयत्न, किती खर्च आणि त्यानंतर कोणते काम धरायचे हे दोघांनी मिळून ठरवावे आणि त्याच वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावे.