मेटोप्रोलॉल घेताना: पट्टी वाचण्यापासून नाडी मोजण्यापर्यंत

मेटोप्रोलॉल हे रक्तदाब आणि हृदयविकारावरचे औषध सुरू झाले की प्रथम गोळ्यांच्या पट्टीवर नावापुढचा शब्द वाचावा. टार्ट्रेट आणि सक्सिनेट हे या औषधाचे दोन क्षार आहेत. शरीरातील औषध निम्मे होण्यास साधारण ३ ते ७ तास लागतात, त्यामुळे टार्ट्रेटची साधी गोळी बहुधा दिवसातून दोनदा घ्यावी लागते. सक्सिनेटची गोळी मात्र औषध हळूहळू सुटेल अशी घडवलेली असल्याने एकदाच पुरते. ती कुटून किंवा चावून घेऊ नये, कारण दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरते. गोळी रोज जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच, ठरलेल्या वेळी घ्यावी.

ॲड्रेनालिन हे ताणाच्या वेळी सुटणारे संप्रेरक हृदयातील बीटा-१ रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरील संदेश घेणाऱ्या जागेवर, बसले की ठोके वाढतात. मेटोप्रोलॉल ती जागा अडवते. श्वासनलिकांतील बीटा-२ रिसेप्टरला ते कमी मात्रेत फारसे छेडत नाही, पण मात्रा वाढली की हा भेद पुसट होतो, म्हणून दमा असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

औषध चालू असताना हृदयपेशी रिसेप्टरांची संख्या वाढवतात. त्यामुळे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाताना पट्टी घरीच राहिली आणि गोळ्या एकाएकी बंद झाल्या, तर तेच ॲड्रेनालिन अधिक जोराने काम करते. हृदयविकार असलेल्यांना छातीत तीव्र कळ, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. प्रवासाच्या पिशवीत आधी गोळ्या ठेवाव्यात, कपडे नंतर. औषध थांबवायचेच असेल, तर डॉक्टर साधारण एक-दोन आठवड्यांत मात्रा उतरवत नेतात. एखादी गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

मधुमेह असणाऱ्यांनी खानदेशच्या उन्हाळ्यात विशेष जपावे. साखर उतरल्यावर होणारी धडधड हे औषध दडवते आणि घाम तेवढा खूण म्हणून उरतो. पण भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर गेला की घाम सगळ्यांनाच येतो. अशा वेळी घामावरून अंदाज न बांधता ग्लुकोमीटरनेच साखर पाहावी. या औषधामुळे उन्हात हृदयाला ठोके पुरेसे वाढवता येत नाहीत, म्हणून केळीच्या बागेतील किंवा शेतातील जड काम सकाळीच उरकावे.

नाडी पाहताना पाच मिनिटे शांत बसावे, अंगठ्याऐवजी दोन बोटे मनगटावर ठेवावीत आणि पूर्ण ६० सेकंद ठोके मोजावेत. ते ५० च्या खाली असतील, किंवा उठताना भोवळ येत असेल, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.