आईला (किंवा बाबांना) घेऊन ड्रीम रन धावताय? मग हे आधी वाचा

मुंबई मॅरेथॉन 2004 पासून होतेय, जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, आणि त्यातली सहा किलोमीटरच्या आसपासची ड्रीम रन म्हणजे निव्वळ गर्दी. बॅनर, ढोल, नऊवारी नेसलेल्या बायका, एनजीओंचे टी-शर्ट, सगळं एकदम. इथे टायमिंग लागत नाही, त्यामुळे घरच्या माणसाला पहिल्यांदा रेसला न्यायचं तर माझ्या मते हीच रेस बेस्ट. मी आईबरोबर धावते त्यामुळे इथे आई म्हणतेय, तुम्ही बाबा, सासूबाई, मावशी जे असेल ते धरा. सिनियर सिटिझन्सची वेगळी रन असते पण त्यात आपल्याला सोबत धावता येत नाही ना.

आधी ज्या संस्थेसाठी देणग्या गोळा करायच्या ती ठरवा, आणि ती आईलाच ठरवू द्या. युनायटेड वे मुंबई या मॅरेथॉनचा चॅरिटीचा भाग बघते, त्यांच्याकडे बऱ्याच संस्थांची नोंद असते. आई जर आयुष्यभर शाळेत शिकवत असेल तर ती मुलींच्या शिक्षणासाठी नातेवाईकांकडे ज्या हक्काने पैसे मागेल तसे तुम्ही फॅमिली ग्रुपवर लिंक टाकून मागू शकणार नाही. तिला फोन करू दे एकेकाला, मामा-मामी, जुन्या मैत्रिणी, सोसायटीतले. माझ्यासाठी तरी अर्धी रेस हीच असते.

तयारी म्हणाल तर दीडेक महिना आधीपासून रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं, मधे मधे थोडं जॉगिंग, बस. बीपी, शुगर, गुडघे काही असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा. शूज नवे घेतलेत तर निदान काही आठवडे वापरलेले हवेत, रेसच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत म्हणजे नाहीत. बिबच्या (कपड्यावर लावायचा नंबरचा कागद) मागे इमर्जन्सी नंबर, ब्लडग्रुप, चालू गोळ्या हे सगळं नीट भरा, लोक ते कोरंच सोडतात आणि मला त्याचा खरंच राग येतो. आणि बिबच्या चारही कोपऱ्यांना सेफ्टी पिना लावा, आईच्या कुर्त्यावर तुम्ही लावून द्या.

सकाळी गाडीने जाऊ नका, रस्ते बंद असतात, लोकलने सीएसएमटी किंवा चर्चगेट गाठा. केळं किंवा दोन-तीन खजूर खाऊन निघा, सकाळची गोळी असेल तर डॉक्टरांनी सांगितलंय तशी, आणि स्टेशनवरच बाथरूमला जाऊन या कारण पुढे रांगाच रांगा.

आता गर्दीचं. फोनवर अजिबात विसंबू नका, एवढ्या लोकांत नेटवर्क कधी लागेल कधी नाही, शिवाय ढोलाच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते घरूनच ठरवा, "फिनिशजवळ" असं नाही, नेमकी जागा, म्हणजे चर्चगेट स्टेशनची तिकीट खिडकी वगैरे, आणि आईकडून एकदा वदवून घ्या. तिच्या खिशात शंभर-दोनशे रुपये आणि कागदावर तुमचा नंबर असू दे.

सुटल्यावर सुरुवातीला धावायलाच मिळत नाही, लोक खांद्याला खांदा लावून चालतात, काहीजण मधेच थांबून सेल्फी काढतात. घुसायला जाऊ नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईला अर्धं पाऊल पुढे ठेवा आणि तुम्ही तिच्या खांद्याच्या मागे राहा. तुम्ही पुढे राहिलात तर ती तुम्हाला गाठायला धापा टाकत येते आणि थकलेय असं सांगतही नाही, ती पुढे असली की वेग तिचा राहतो आणि मागून येणारा धक्का तुमच्या अंगावर येतो. रस्ता अरुंद झाला की तिच्या कोपराला हलकं धरा, हात धरून ओढू नका, एकजण अडखळला तर दोघं पडतात. थांबायचं असेल तर हात वर करून आधी कडेला या. व्हीलचेअर दिसली की बाजूला होऊन वाट द्या.

पाण्याच्या पहिल्या टेबलावर झुंबड असते, दोन टेबलं सोडून पुढच्यावर जा, तिथे निवांत मिळतं. खाली पडलेल्या बाटल्यांवर पाय घसरतो तेव्हा तेवढं अंतर चालतच जा.

मरीन ड्राइव्हला लागलं की जरा मोकळं होतं, वाजंत्री असतात, कडेचे अनोळखी लोक "चला काकू, मस्त!" म्हणून ओरडतात आणि आईचा चेहरा असा काही खुलतो ना, तिथे तिला थांबून टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजवू द्या, घाई कसली आहे! छातीत दुखलं, चक्कर आली, थंड घाम फुटला तर मात्र "होईल बरं" करू नका, लगेच थांबून मेडिकलच्या लोकांना हाक मारा.

संपल्यावर एकदम बसू नका, थोडं चाला, पोटऱ्या ताणा, पाणी प्या. रविवारी मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेवा नाहीतर दमलेल्या आईला घेऊन प्लॅटफॉर्मवर ताटकळाल. घरी आल्यावर ज्यांनी पैसे दिले त्या प्रत्येकाला आईचा रेसमधला फोटो पाठवा आणि संस्थेकडून 80जी ची (देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते त्याची) पावती मिळाली का तेही विचारा, ही सूट जुन्या टॅक्स रिजीममध्येच मिळते आणि 2000 रुपयांच्या वर रोख दिले असतील तर मिळत नाही, म्हणून पैसे मागतानाच यूपीआय किंवा चेकने द्या असं सांगून ठेवा.