सांबऱ्याहून लंडन किती लांब? हवाई अंतर कागदावर काढायची रीत

बेळगावहून मुंबई घ्या नाहीतर बेंगळूर, रस्त्याने दोन्ही साधारण ५०० किमी. म्हणून लंडनला कुठूनही गेलं तरी सारखंच, असं वाटतं. हवाई अंतर काढलं की हिशेब वेगळा निघतो.

आधी विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्या, घराचे नव्हेत. सांबरा (बेळगावचा विमानतळ): १५.८६ उत्तर, ७४.६२ पूर्व. लंडन हीथ्रो: ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम. कुठे १५ अंश ५१ मिनिटं असं दिलं असेल तर ५१ ला ६० ने भागून १५.८५ करा. सरळ १५.५१ लिहिलंत तर तिथेच ३८ किमी चुकले.

कॅल्क्युलेटर डिग्रीवर हवा. साइन ३० दाबा, ०.५ आलं तर ठीक, उणे ०.९८८ आलं तर तो रेडियनवर आहे.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.२१३८. मग दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा गुणाकार, ०.५९९२. त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कॉसने गुणा. लंडन पश्चिमेला, म्हणजे रेखांश उणे. तेव्हा फरक ७४.६२ अधिक ०.४६, ७५.०८ अंश. (इथे बेरजेऐवजी वजाबाकी केली तर अंतर ६४ किमीने कमी भरतं.) त्याचा कॉस ०.२५७५, गुणाकार ०.१५४३. दोन्हींची बेरीज ०.३६८१. याचा उलटा कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ६८.४० अंश. पृथ्वीच्या गोलावर एक अंश म्हणजे १११.२ किमी, म्हणून उत्तर ७,६०६ किमी. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, तेवढा चालवून घ्यायचा.

एवढी खटपट नको म्हणून काहीजण शाळेतला पायथागोरस लावतात: अक्षांशांतला फरक गुणिले १११.२, रेखांशांतला फरक गुणिले १११.२ गुणिले मधल्या अक्षांशाचा कॉस, दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. दिल्लीला हे छान चालतं, १,४३६ किमी येतात आणि वरच्या रीतीनेही तेवढेच. लंडनला मात्र ७,९९८ येतात, जवळपास ४०० किमी जादा. सपाट कागदावरची सरळ रेघ गोलावर जवळची वाट नसते.

पटत नसेल तर ३० सेंमी व्यासाच्या पृथ्वीगोलावर बेळगाव ते लंडन दोरा ताणून धरा. तो साधारण १८ सेंमी भरेल (एक सेंमीला सुमारे ४२५ किमी), आणि मुंबई जवळजवळ दोऱ्याखालीच सापडेल.

याच रीतीने टप्पे मोजा. सांबरा–मुंबई ४०४ आणि मुंबई–लंडन ७,२१३, एकूण ७,६१७. थेट अंतरापेक्षा फक्त ११ किमी जास्त. बेंगळूरमार्गे ४४५ अधिक ८,०४७, म्हणजे ८,४९२. आधी उलट्या दिशेला जायचं आणि मग तेवढंच परत यायचं, त्याचे हे ८८६ किमी. प्रत्यक्ष विमान बंद हवाई हद्दी आणि वारा बघून वळसे घेतं, तेव्हा उडालेलं अंतर याहून जास्तच असतं.

उत्तर मैलांत हवं असेल तर कुठला मैल ते विचारून घ्या. वैमानिकांचा सागरी मैल १.८५२ किमीचा, त्यात थेट अंतर ४,१०७. साधा मैल १.६०९ चा, त्यात ४,७२७.